आचारी आणि आचार्य: अंध वाचकांसाठी स्कॅन केलेलं पुस्तक तपासताना

कादंबरीत लग्नघराचा प्रसंग होता. मांडव पडलाय, पाटरांगोळ्या झाल्यात, मागच्या अंगणात चुली पेटल्यात आणि पुढचं वाक्य येतं: "आचार्यांनी जिलब्या तळायला घेतल्या." एम.ए. करणारी एक अंध विद्यार्थिनी ही फाइल संगणकावर ऐकत होती. तिने तिथेच थांबून मला फोन लावला. "काकू, हे कुठले आचार्य जिलब्या तळतात?"

मूळ पुस्तकात 'आचाऱ्यांनी' होतं. फाइल मी तपासली होती, तीही दोनदा.

मी सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. या कामाला हात घातला तेव्हा वाटलं, आपल्याला काय शिकायचंय! शिकण्यापेक्षा विसरायचंच जास्त निघालं. छापखान्यातला मुद्रितशोधक अर्थ लावत वाचतो. इथे नेमकी तीच सवय घात करते, कारण मांडव, चुली आणि जिलब्या दिसल्या की डोळा 'आचारी' असंच वाचतो, समोर काहीही लिहिलेलं असो. डोळस वाचक अडला तर छापील पान त्याच्या हातात असतं. हिच्याकडे फक्त माझी फाइल होती.

नव्याने काम सुरू करणारे दर आठवड्याला त्याच शंका विचारतात, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

१. आधी कोणासाठी आणि कोणामार्फत काम करताय ते ठरवा

घरातलं पुस्तक उचललं, मोबाइलने फोटो काढले आणि सुरू झालात, असं करू नका. अंध व्यक्तींसाठी काम करणारी एखादी संस्था, महाविद्यालयाचं केंद्र किंवा ग्रंथालय गाठा आणि त्यांनी दिलेलं पुस्तक घ्या. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तेच पुस्तक दुसरीकडे कोणीतरी आधीच तपासून ठेवलेलं असू शकतं. २४ ऑगस्ट २०१६ला सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात अनेक संस्थांची पुस्तकं एकत्र शोधता येतात. तिथे न बघता मी एक अख्खं चरित्र पुन्हा केलं. तीन महिने गेले.

दुसरं कारण कायद्याचं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करायला त्यामुळे लेखक-प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र त्यातून नफा कमवायचा नाही, निर्मितीचा खर्च तेवढा घेता येतो. संस्थेने या प्रती अपंग वाचकांपुरत्याच ठेवायच्या आणि त्या बाजारात जाणार नाहीत याची काळजी घ्यायची. पुढच्याच वर्षी झालेला मराकेश करारही याच विषयावरचा. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ साली.

याचा तुमच्यापुरता अर्थ सोपा आहे: फाइल संस्थेकडून आली, संस्थेकडेच परत गेली. मावसबहिणीला हवी आहे म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं होऊन गेली असतील तर पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं झालेलं असतं. तरी त्याला नंतर कोणी लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या नसतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

२. जवळ काय लागेल

- मूळ पानांच्या प्रतिमा (पीडीएफ), आणि शक्य असेल तर छापील पुस्तकही
- ओसीआर केलेली, म्हणजे चित्रातून अक्षरं काढलेली वर्ड फाइल
- संस्थेचं सूचनापत्रक. मिळालं नाही तर मागून घ्या
- एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. त्यासोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठी बोलतो. थोडा यांत्रिक आहे, कान सरावतो
- मराठी युनिकोड (प्रत्येक अक्षराला संगणकात ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) कळफलक, ज्यावर ऱ, ॲ, ऽ आणि ॥ कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहे असा
- एक शब्दकोश आणि एक वही

मोठा पडदा असेल तर उत्तम. डावीकडे पान, उजवीकडे वर्ड. माझी सुरुवात चौदा इंची लॅपटॉपवर झाली, मान धरली. पुढे मुलाने जुना मॉनिटर जोडून दिला.

तुम्हालाच ओसीआर करायचं असेल तर पान ३०० डीपीआयला स्कॅन करा, बारीक टाइप असेल तर ४००. टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम मोफत आहे आणि त्याला मराठी येते. गूगल ड्राइव्हवर पान चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर मिळतो. मराठीला माझा कल गूगलकडे आहे, पण ओळींची उलथापालथ तेही करतं.

३. पहिल्या दिवशी एकही अक्षर दुरुस्त करू नका

आधी नुसती पानं मोजा. पीडीएफमधली पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटून पृष्ठांक सलग आहेत का बघा. दोन पानं एकत्र उलटली गेल्याने मधली जोडी गायब, हे सर्रास होतं. जाड पुस्तकात शिवणीकडची अक्षरं वळणात जातात आणि प्रत्येक ओळीचा एक शब्द अर्धा राहतो. अशा पानांची यादी करून संस्थेला कळवा, ती पुन्हा स्कॅन होऊन येतील. 'संदर्भावरून लावून घेऊ' असं म्हणून शब्द भरायचा नाही. मी एकदा 'निर्‌…' पुढे 'निर्णय' भरला होता. पुस्तकात 'निर्वाह' होतं.

मग फाइल कोणत्या फाँटमध्ये आहे ते पाहा. कधी ओसीआरऐवजी प्रकाशकाकडची जुनी फाइल येते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. ऐकताना कोणी शिव्या देतंय असं वाटतं. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात: 'िवचार', 'वषर्'. हे दोष एकेक करून न काढता शोधा-बदला वापरून काढा.

४. आधी सांगाडा

ओसीआरला पान म्हणजे एक चित्र. वरचं पुस्तकाचं नाव, प्रकरणाचं नाव, खालचा आकडा हे सगळं तो मजकुरात ओततो. मग ऐकणाऱ्याला वाक्याच्या मध्यभागी पुस्तकाचं नाव ऐकू येतं, आणि ते दर पानाला. ते काढा.

पृष्ठांक मात्र फेकू नका. वर्गात सर म्हणतात, "पान ४२ उघडा," तेव्हा अंध विद्यार्थ्यालाही ४२व्या पानावर पोचता आलं पाहिजे. तो कसा लिहायचा याची प्रत्येक संस्थेची रीत वेगळी. आमच्याकडे स्वतंत्र ओळीवर 'पृष्ठ ४२' असं लिहितात आणि पान वाक्याच्या मध्ये तुटत असेल तर वाक्य पुरं करून मग ती ओळ टाकतात.

प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी ओसीआर एंटर मारतो. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून लपलेल्या खुणा दाखवा, म्हणजे हे दिसेल. ओळी जोडून खरे परिच्छेद करा. ओळीच्या शेवटी जोडरेघेने तोडलेले शब्द सांधा, पण डोळे उघडे ठेवून: 'पुस्त-कात'मधली रेघ काढायची, 'आई-वडील'मधली ठेवायची. कवितेत उलट. तिथली ओळ ही कवीची आहे, तिला हात लावायचा नाही. रिकाम्या ओळी आणि स्पेसबार दाबून पाडलेली जागा काढून टाका. प्रत्येक रिकाम्या ओळीला स्क्रीन रीडर 'ब्लँक' म्हणतो.

प्रकरणांच्या नावांना वर्डची हेडिंग शैली द्या (कंट्रोल-ऑल्ट-१, उपशीर्षकांना २). अक्षरं ठळक आणि मोठी केल्याने डोळ्याला शीर्षक दिसतं, स्क्रीन रीडरला दिसत नाही. खरं हेडिंग असेल तर वाचक एच दाबत प्रकरणातून प्रकरणात उडी मारतो. नसेल तर ४०० पानांचं पुस्तक म्हणजे एकच लांबलचक परिच्छेद.

५. अक्षरं: इथेच सगळा वेळ जातो

निरर्थक शब्द सापडणं सोपं. 'पुस्तकाचया' कानाला लगेच टोचतं. खरा धोका चुकून अर्थपूर्ण झालेल्या शब्दांचा. स्पेलचेक त्यांना काही म्हणत नाही, कानालाही खटकत नाही. माझ्या वहीतली ही यादी:

- घ आणि ध, भ आणि म: 'भाऊ घरी आला' याचं 'माऊ धरी आला' होतं. हे हसून सापडतं. 'भान राहिलं नाही' याचं 'मान राहिलं नाही' झालेलं सापडत नाही.
- ब आणि व: वाट-बाट, बार-वार. 'वारा वाजले' कळतं, 'बाळा'चा 'वाळा' झालेला कळत नाही.
- प, ष, य, थ: 'पाप' आणि 'पाय' यांत किती अंतर आहे ते धार्मिक पुस्तकात कळतं.
- ख आणि रव: जुन्या टाइपातला ख फुटून र आणि व होतात. 'लाडू खा' लिहिलेल्या जागी मला 'लाडू रवा' मिळालंय. पाककृतीच्या पुस्तकात होतं, म्हणून पहिल्या फेरीत तसंच पुढे गेलं.
- अनुस्वार: स्कॅनवरच्या धुळीच्या ठिपक्याचा अनुस्वार होतो आणि खरा पुसट अनुस्वार गळतो. 'त्याने' आणि 'त्यांने', 'मुलाना' आणि 'मुलांना'. आदरार्थी बहुवचन याच टिंबावर उभं असतं. 'गुरुजींना' या शब्दातलं टिंब गेलं की गुरुजींचा मान गेला.
- रफार: 'कार्य'चं 'काय' होतं आणि विधानाचा प्रश्न होऊन बसतो.
- आकडे: ५ आणि प, २ आणि र, १ आणि ९. सनावळी, किंमती, श्लोकांचे क्रमांक पानाशी आकडा आकडा करून ताडून बघा. आकड्याला संदर्भ नसतो, त्यामुळे चुकीचा आकडाही तितकाच खरा वाटतो.
- ऽ या अवग्रहाचं इंग्रजी एस किंवा ५ होतं. दंडाचा (।) इंग्रजी आय, उभी रेघ किंवा काना होतो. अभंग, ओव्या असलेल्या पुस्तकात दर ओळीला.

आणि गळलेली ओळ. लागोपाठ दोन ओळी 'तो म्हणाला' ने सुरू होत असतील तर ओसीआर नाही, तुमचाच डोळा एक ओळ गिळतो. पडद्यावर पट्टी धरा. मी खरीच लाकडी पट्टी धरते, घरचे हसतात.

६. दिसायला सारखं, आतून वेगळं

छापखान्यात याचा प्रश्नच नव्हता. कागदावर दिसलं ते खरं. इथे पडद्यावरचं रूप आणि आतला संकेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आवाज व ब्रेल दोन्ही आतल्या संकेतावर चालतात.

'शुद्ध' आणि 'शुध्द' पाहा. काही फाँटांत फरक जेमतेम जाणवतो. पहिल्यात द् अर्धा आणि ध पूर्ण, दुसऱ्यात उलट. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सहा ठिपक्यांच्या ब्रेलमध्ये, जोडाक्षर लिहिताना ज्या अक्षराचा पाय मोडायचा त्याच्या आधी ४ क्रमांकाचा ठिपका येतो आणि मग अक्षरं एकामागे एक. तिथे उभी-आडवी जोडणी नाही, त्यामुळे बोटाखाली आधी ध आणि मग द येतो, लपायला जागाच नाही. प्रसिद्ध, युद्ध, बुद्धी, पद्धत हे शब्द एकदा शोधा-बदलाने तपासून घ्या.

'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. जिलब्या तळणारे आचार्य याच वाटेने आले. चंद्रकोरीसारखा हा अर्धा र युनिकोडमध्ये ऱ या अक्षरापासून करतात. संकेतांक ०९३१, साध्या र चा ०९३०. काही कळफलक मात्र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून हुबेहूब तसंच दिसणारं रूप करतात. एकाच फाइलीत दोन्ही आली की शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत. सगळीकडे ऱ वापरा: कुऱ्हाड, तऱ्हा, पुऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या.

'दु:ख'मध्ये बहुतेक वेळा विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन बसलेला असतो. डोळ्याला दोन टिंबं ती दोन टिंबं. स्क्रीन रीडर तिथे शब्द तोडून 'दु' आणि 'ख' वेगळे म्हणू शकतो. स्वतः, अंतःकरण, प्रातःकाळ यांचंही तेच. तसंच 'ॲ' हे एक अक्षर आहे, ते 'अ'वर चंद्र ठेवूनही करता येतं. संस्था सांगेल ते एकच रूप ठेवा.

शंका आली तर एनव्हीडीए चालू करून कर्सर त्या अक्षरावर न्या आणि अंकपट्टीवरचा २ तीनदा भरभर दाबा. अक्षराचा संकेतांक ऐकू येतो. हा माझा आवडता शोध आहे. अर्धे वाद तिथल्या तिथे मिटतात.

७. जुनं शुद्धलेखन: हात आवरा

१९६२च्या नियमांआधीचं पुस्तक असेल तर 'घरांत', 'नाहीं', 'केलें', 'पुस्तकें' असं भेटेल. नवख्याचा हात शिवशिवतो. मीही पहिल्या पुस्तकाचे ३० पानांतले अनुस्वार 'सुधारले' आणि मग ते परत घालत बसले.

पुस्तक जसं छापलं तसं ठेवायचं. १९२० सालचं मराठी कसं लिहिलं जायचं हे कळण्याचा अंध वाचकाला तुमच्याइतकाच हक्क आहे, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्याला तर तेच हवं असतं. अर्थाचाही प्रश्न असतो: जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. म्हणून वर्डची आपोआप दुरुस्ती बंद करा. नाहीतर तुमच्या नकळत ती हे काम उरकते.

आमच्याकडे एक अपवाद केला जातो. सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी काही जुन्या छपाईत आहे: अि, अी, अु, अे. आवाज तिथे अडखळतो आणि ब्रेलमध्ये अ व ई सुटे सुटे उमटतात, कारण भारती ब्रेलमध्ये स्वरचिन्हाला आणि स्वराला एकच खूण आहे. आम्ही तिथे इ, ई, उ, ए करतो आणि पुस्तकाच्या सुरुवातीला तशी टीप देतो. हा निर्णय संस्थेच्या समन्वयकाला विचारून घ्या, स्वतःच्या मनाने नको.

छपाईची उघड चूक दिसली तर? म्हणजे पुस्तकातच 'महाराष्ट' छापलं असेल तर? वहीत पान आणि ओळ लिहा, संस्थेला विचारा. लेखकाची भाषा सुधारणं तुमचं काम नाही. हे पचायला मला वर्ष लागलं.

८. मग डोळे मिटून ऐका

पानाशी ताडून झालं की एक फेरी फक्त कानाने. एनव्हीडीएत इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू होतं. इन्सर्ट-पी दाबत विरामचिन्हांची पातळी 'सर्व'वर आणा, नाहीतर निसटलेली अवतरणचिन्हं कळणार नाहीत. वेग सुरुवातीला कमी ठेवा. रोजचे वाचक ज्या वेगाने ऐकतात तो ऐकून मला पहिल्यांदा आवाज बिघडलाय असंच वाटलं होतं.

या फेरीत एक सापळा आहे. आवाज काही मराठी शब्द चुकीचे उच्चारतो. 'जरा थांब'मधला ज तो 'जरा-मरण'मधल्यासारखा म्हणेल, 'चमचा'तले दोन्ही च 'चहा'तल्यासारखे. ही फाइलीची चूक नव्हे. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने आवाज बरोबर यावा म्हणून शब्दांत हलन्त घालून ठेवले होते. ऐकायला गोड, पण तीच फाइल ब्रेलला गेली आणि प्रत्येक हलन्ताचा ठिपका कागदावर उमटला.

९. चित्रं, तक्ते, वंशावळी, तळटिपा

तळटिपा ओसीआर पानाच्या तळाशी, म्हणजे नेमक्या वाक्याच्या मधोमध आणतो. त्या उचलून परिच्छेद संपल्यावर ठेवा, सुरुवातीला 'तळटीप' आणि शेवटी 'तळटीप समाप्त' असं लिहून. ऐकणाऱ्याला लहान टाइप दिसत नाही, त्यामुळे टीप कुठे संपली ते सांगावंच लागतं.

चित्राला नुसतं 'चित्र' लिहून भागत नाही, आणि निबंधही नको. मजकुराला चित्रातून जे हवंय तेवढं दोन-तीन वाक्यांत. सजावटीची वेलबुट्टी असेल तर काहीच नको.

वंशावळ हा स्वतंत्र छळ आहे. इतिहासाच्या पुस्तकात भोसले घराण्याची वंशावळ आली, रेघा आणि चौकटींची. ओसीआरने दिलं: 'शहाजी संभाजी शिवाजी राजाराम शाहू ताराबाई'. आम्ही ती अशी लिहिली: "शहाजीराजे. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज. शिवाजी महाराजांचे पुत्र दोन: संभाजी महाराज आणि राजाराम महाराज. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज." सुरुवातीला एक ओळ: 'पुढील वंशावळ मूळ पुस्तकात आकृतीच्या रूपात आहे.' अशा मजकुराला आकृतीपेक्षा जास्त जागा लागते, लागू द्या.

तक्ताही याच पद्धतीने सोडवायचा. साधा, सरळ रकान्यांचा असेल तर वर्डचा खरा तक्ता ठेवा, चौकटी जोडू-फोडू नका. गुंतागुंतीचा असेल तर प्रत्येक ओळ वाक्यासारखी लिहा आणि रकान्याचं नाव प्रत्येक वेळी सांगा.

१०. ब्रेलला जाणाऱ्या फाइलीची जास्तीची काळजी

एका छापील पानाची साधारण दोन-तीन ब्रेल पानं होतात. मोठ्या ब्रेल कागदावर ओळीत जेमतेम ४० खुणा मावतात आणि पानावर २५ ओळी. चूक नंतर सापडली तर अख्खं पान पुन्हा एम्बॉसरवर, म्हणजे ब्रेल छापणाऱ्या यंत्रावर, काढावं लागतं, कागद जाड आणि महाग. म्हणून आमच्याकडे ब्रेलची फाइल दोन माणसं तपासतात, दुसरी शक्यतो ब्रेल वाचणारी.

रूपांतर संगणकच करतो, तुम्हाला ब्रेल यायलाच हवं असं नाही. पण भारती ब्रेलची मूळ खुणांची पट्टी एका रविवारी शिकून घ्या. सहा ठिपके, १९५१पासून भारतातल्या भाषांना एकच पद्धत. क म्हणजे १ आणि ३, मराठीतही आणि बंगालीतही. आकड्याच्या आधी अंकचिन्ह येतं आणि पुढे अक्षरांच्याच खुणा आकडे होतात, म्हणून १९४२मध्ये २च्या जागी र घुसला की बोटाला तिथे खड्डा लागतो. मराठी ब्रेल हातात घेऊन बघायचं असेल तर 'स्पर्शज्ञान' या २००८पासूनच्या पाक्षिकाचा अंक मिळवा. मी पहिल्यांदा त्यावर बोट फिरवलं तेव्हा मला एकही अक्षर लागलं नाही. शेजारी बसलेली तिसरीतली मुलगी मात्र वाचता वाचता माझ्याशी गप्पा मारत होती.

११. परत पाठवताना

फाइलीचं नाव संस्थेच्या पद्धतीनेच ठेवा. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' या तीन फाइलींनी आमच्याकडे एक पुस्तक आठवडाभर अडवलं होतं. सोबत शंकापत्रक जोडा: पान, ओळ, छापलेलं काय, तुमची शंका काय. न लागलेला शब्द मजकुरात ठरलेल्या खुणेने दाखवा. आम्ही चौकटी कंसात 'अस्पष्ट' लिहितो. कोरी जागा सोडली तर ऐकणाऱ्याला काही गेलंय हेच कळत नाही.

वेळेचा अंदाज द्यायचा तर सुरुवातीला तासाला चार-पाच पानं झाली तरी पुष्कळ. मी आता आठ-दहा करते, जुन्या टाइपाचं पुस्तक असेल तर पुन्हा पाचावर येते. एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नका. माझ्या बहुतेक चुका रात्री अकरानंतरच्या आहेत, आचार्यांसकट.